यमन, दोन क्रेडिट

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ परवा खाली आले ते मोबाइल पुढे धरूनच. पडद्यावर कॉलेजचा प्रवेशअर्ज, अंगठ्याखाली विषयांची यादी. चपला दाराबाहेर निघायच्या आधी प्रश्न घरात आला होता. "भाऊ, पोट्टी म्हणून राहिली, बी.ए.ले संगीत घेते. तुम्हीच सांगा न, स्कोप काय आहे त्याच्यात?"

स्कोप हा नागपूरच्या आईबापांचा षड्ज. कुठूनही तान घ्या, टेकायचं तिथंच. इंजिनीअरिंगला स्कोप होता तेव्हा गल्लोगल्ली कॉलेजं उगवली. मग तो कॉम्प्युटरात गेला. आता तर तो पुण्यातच राहतो आणि दिवाळीला तेवढा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं घरी येतो.

मलाच विचारायचं कारण एवढंच की माझ्या घरी पेटी आहे. घरात पंचांग असलेला माणूस जसा आपोआप ज्योतिषी होतो, तसा पेटीवाला माणूस आपोआप संगीतज्ञ. मी वाजवतो ती पेटी भजनी मंडळापुरती, पण शेजाऱ्यांच्या श्रद्धेला मी कधी धक्का लावला नाही.

या मुलीचं गाणं मी तिच्या फ्रॉकपासून ऐकतो आहे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पाच परीक्षा तिनं दहावीच्या आत उरकल्या. तेव्हा हेच वडील तिला स्कूटरवर बसवून क्लासला सोडायचे, पावसात रेनकोट तिला आणि तिच्या वहीला. कारण दहावीला शास्त्रीय कलेचे जादा गुण मिळतात. तेव्हा संगीतात स्कोप होता! निकाल लागला आणि संपला. दर वर्षी जूनमध्ये या शहरातल्या किती पेट्या दिवाणात जातात याची कोणी मोजदाद केली, तर दिवाणवाल्यांना स्कोप आहे हे नक्की कळेल. या मुलीनं पेटी आत टाकू दिली नाही, एवढाच तिचा गुन्हा.

"सांगतो," म्हटलं. "आधी हिशेब करू." हिशेब म्हटल्यावर गृहस्थ खुर्चीत बसले. तोवर उभेच होते.

नव्या शैक्षणिक धोरणानं सगळं क्रेडिटमध्ये मोजायचं ठरवलं आहे. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला चार तास, आणि तेही वर्गातल्या सगळ्यांना मिळून. त्यात यमन, त्यात भूप, त्यात आणखी एखादा राग; बडा ख्याल, छोटा ख्याल, आलाप, ताना, तराणा आणि हातावर ताल देऊन दुगुण. साठ तासांत यमन संपवायचा. जुने खाँसाहेब म्हणे एका रागावर वर्ष घालवायचे. घालवतील नाही तर काय, त्यांना कुठे ॲकॅडमिक बँकेत खातं उघडायचं होतं.

या साठातून आता वजाबाकी. मॅडमना निवडणुकीची ड्यूटी लागली, वजा. युवा महोत्सवाचं समूहगान बसवायचं, वजा. नॅकची समिती येणार म्हणून हॉल रंगवायला घेतला, वजा. आणि समिती आली की मग विचारूच नका. कॉलेजात संगीत विभाग कशासाठी असतो ते त्या दिवशी समजतं. तो स्वागतगीतासाठी असतो. प्राचार्य एरवी त्या जिन्यानं चढत नाहीत, पण उद्घाटन आलं की सकाळी सकाळी निरोप: चार मुली पाठवा, एकसारख्या साड्यांत. २०२३ पासून त्यात राज्यगीताची भर पडली. ते लिहिलं नागपूरच्या राजा बढ्यांनी, म्हणजे घरचंच कार्य, तक्रार कशी करणार? मुली तीन वर्षांत यमन किती गातात माहीत नाही, स्वागतगीत मात्र झोपेत गातात. खरं म्हणजे तेवढं एक गाणंच त्या भरल्या सभागृहात, माइकवर, लोकांसमोर गातात. गुण त्याचे नसतात.

परीक्षेचं म्हणाल तर एक मी डोळ्यांनी पाहिली आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. कॉलेजचं नाव सांगत नाही. मेचा पहिला आठवडा, पारा पंचेचाळीसला टेकलेला. नेहमीचे पेटीवाले ऐन वेळी कुठल्याशा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला गेले, कारण तिथं एका संध्याकाळचे मिळतात तेवढे इथं पंधरा दिवसांचे होत नाहीत. म्हणून मला बोलावणं आलं. खोली दुसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. खिडकीत पत्र्याचा कूलर, नुकताच नवा वाळा भरलेला, त्याचा ओला वास खोलीभर. कूलरचा आवाज साधारण पांढरी दोनमध्ये. मुलगी गाणार काळी चारमध्ये. तानपुरा मोबाइलमधला, आणि तो मोबाइल स्टीलच्या वाटीत ठेवलेला, आवाज मोठा व्हावा म्हणून. पहिल्या मुलीनं षड्ज लावला तो बरोबर कूलरचा. तिचा काय दोष? खोलीतला सर्वांत ठाम सूर तोच होता.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, कूलर बंद करा. शिपायानं केला. आता तबला. कूलरच्या दमट वाऱ्यानं शाईभोवतीचं कातडं ढिलं पडून उतरलेलं, ते तबलजींनी हातोडीनं गट्टे ठोकून नुकतंच काळी चारला आणलं होतं. कूलर बंद होताच खोली तव्यासारखी तापली, कातडं कोरडं होऊन ताणलं आणि तबला चढायला लागला. तिसऱ्या मुलीपर्यंत तो पार वर. गट्टे वर ठोका. चौथ्या मुलीला घेरी आली, कूलर लावा. तबला उतरला, गट्टे खाली ठोका. दुपारभर त्या माणसानं ठेका कमी वाजवला आणि ठोकाठोक जास्त केली. बारा मुली आणि एक मुलगा, माणशी सहा मिनिटं. आलूबोंडा आणि चहा मध्यंतरात.

सगळ्यांची बंदिश एक. आलाप चार, तेच. ताना आठ, त्याच. वहीत लिहून दिलेल्या, पाठ केलेल्या, पहाड्यांसारख्या. ख्याल म्हणजे कल्पना असा अर्थ त्याच पोरांनी सकाळच्या लेखी पेपरात दोन गुणांसाठी लिहिलेला. नववी मुलगी पाचव्या तानेला अडली. थांबली, जीभ चावली, "पाचवी विसरली मॅडम" म्हणाली. बाई म्हणाल्या, घे काहीतरी, सम तर गाठ. मुलीनं डोळे मिटले आणि गांधारावरून काहीतरी उचललं. सरळ नव्हतं, वहीतलं नव्हतं. मध्ये एकदा घसरली, सावरली, आणि समेवर अशी येऊन पडली की तबलजीची हातोडी हातातच राहिली. बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा गुणपत्रकावरून मान वर केली. तेवढ्यात अंतर्गत परीक्षक घाईघाईनं म्हणाले, "मॅडम, ही तान आम्ही लिहून दिलेली नाही."

ते स्वतःचा बचाव करत होते, हे मला नंतर कळलं.

वरच्या गृहस्थांना ही गोष्ट सांगितली तर त्यांनी विचारलं, "मग मार्क किती भेटले तिले?" ते मला ठाऊक नाही. पण त्यांचा प्रश्न रास्त आहे, पुढची सगळी वाट गुणांनीच बांधली आहे.

बी.ए. झालं की एम.ए., एम.ए. झालं की नेट. संगीत विषयाचा तिथला क्रमांक सोळा. तीन तास, दीडशे प्रश्न, तीनशे गुण, संगणकासमोर. त्यातले पहिले पन्नास प्रश्न सर्वांना सारखे: आकडेवारीचं आकलन, तर्कशक्ती, पर्यावरण, संगणक. उरलेले शंभर संगीताचे. गांधाराच्या श्रुती किती? चार पर्याय, 'दोन' वर क्लिक करा. तो गांधार गळ्यातून येतो का, हे विचारायला संगणकाला कान नाहीत. तीन तास त्या खोलीत कुणी गुणगुणलं तर उलट बाहेर काढतील. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बेसूर झालात तरी दंड नाही, अशी महाराष्ट्रातली ही बहुधा एकमेव मैफल.

हे सगळं पार करून प्राध्यापक व्हायचं, तर जागा हवी. जागा रिक्त असते, भरलेली नसते. या दोहोंच्या मधल्या फटीत जी माणसं राहतात त्यांना तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक म्हणतात. तासाचे पैसे, तेही झालेल्या तासाचे. मुली स्वागतगीताला गेल्या की तास बुडाला, तास बुडाला की पैसे बुडाले. मानधनाचं बिल मार्चमध्ये निघेल असं सांगतात; कुठल्या सालचा मार्च ते सांगत नाहीत. म्हणजे चक्र असं की संगीताची पदवी घ्यायची ती संगीताची पदवी शिकवायला, आणि ज्यांना शिकवायचं ते शिकणार तेच शिकवायला. गाणं यात कुठे आलंच तर स्वागताला.

आकाशवाणीच्या 'ए' दर्जाच्या कलावंताला नेटशिवाय अध्यापक होता येईल असं एक बाजूचं दार यूजीसीच्या नियमांत आहे म्हणा. नागपूर केंद्रावर १९४८ पासून मंडळी ऑडिशन देत आली आहेत: बी, बी हाय, ए, टॉप. पण त्या दारासमोर रोस्टर, कार्यभार, संच मान्यता अशी तीन कपाटं आडवी लावून ठेवली आहेत.

गंमत पाहा. ज्या विद्यापीठाची ही पदवी, त्याचं नाव २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. महाराजांनी हातात खंजिरी घेतली आणि गावंच्या गावं रात्रभर बसवून ठेवली. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेत जाऊन आले. शाळा त्यांची लहानपणीच सुटलेली. आज ते अमरावती रोडवरच्या विद्यापीठात खंजिरी शिकवायला आले असते, तर बाबूनं चष्म्यावरून पाहून विचारलं असतं, "बाबा, सेट झाली का?" पदवीच्या कागदावर माथ्याला त्यांचं नाव, आणि खाली सही कुलगुरूंची.

दोष एकट्या विद्यापीठाचा नाही. गाणं वर्गात आणायची कल्पना दोन विष्णूंची. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, राजाच्या पदरी न राहता लोकांच्या पैशावर. भातखंडे पेशानं वकील. त्यांनी भारतभर हिंडून, खाँसाहेबांची मनधरणी करून चिजा गोळा केल्या, क्रमिक पुस्तकाच्या सहा भागांत बसवल्या आणि प्रत्येक रागाचा सातबारा तयार केला: वादी अमुक, संवादी तमुक, वेळ रात्रीचा पहिला प्रहर, मंडळ कल्याण थाट. उपकार मोठे आहेत. त्याआधी गाणं कोणाच्या तरी मर्जीवर होतं. गुरू दार उघडेल तेव्हा शिकायचं, आणि सामान्य घरातल्या बाईला तर दारच नव्हतं. पण सातबारा हातात आला म्हणजे शेती आली असं आमचे लोक धरून चालले. पलुस्करांची मुंबईतली इमारत पुढे कर्जापायी लिलावात निघाली. संगीतातल्या करिअरचा हा पहिला धडा खरं तर अभ्यासक्रमात हवा, पण तो कुठल्याच सत्रात नाही.

नागपूरचं आणि संगीताच्या उच्चशिक्षणाचं थोडक्यात चुकामूक होण्याचं नातं आहे. भातखंड्यांनी १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज काढलं. पुढे त्याचंच विद्यापीठ झालं. आपल्याकडे मॉरिस कॉलेज १८८५ पासून उभं. एका स्वराचा फरक. त्यांच्या मॅरिसमधून गवई निघाले, आमच्या मॉरिसमधून वकील. आणि दुसरी चुकामूक त्याहून भारी. संगीताचं स्वतंत्र विद्यापीठ खैरागडच्या राजवाड्यात सुरू झालं ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. त्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांचा धम्मदीक्षेचा सोहळा होता, तेव्हा गावाचं लक्ष तिकडे नसणार हे उघडच. पण त्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी आणि खैरागड त्याच मध्य प्रदेशात. अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, राज्यं नव्यानं आखली गेली. आम्ही मुंबई राज्यात आलो, विद्यापीठ पलीकडे राहिलं. अठरा दिवस आमच्या राज्यात संगीताचं विद्यापीठ होतं, आणि ते आम्हाला कळलंही नाही. अजूनही कोणाला नीट शिकायचं तर हावडा लाइनची गाडी धरून राजनांदगावला उतरावं आणि पुढे बस.

"म्हणजे नागपुरात कोणी गाणारा झालाच नाही का?" गृहस्थांनी विचारलं. आवाजात दुखावलेला वैदर्भीय होता.

झाले न! वसंतराव देशपांडे मूर्तिजापुरात जन्मले आणि नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींच्या श्रीराम संगीत विद्यालयात शिकले. त्याच वर्गातून सी. रामचंद्र निघाले. त्या विद्यालयात क्रेडिट नव्हतं, गुरुजी होते. आज सिव्हिल लाइन्समध्ये वसंतरावांच्या नावाचं सभागृह आहे, त्यांच्या नावानं समारोह होतो. पण हा माणूस पोटासाठी काय करत होता? लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी. चोवीस वर्षं. इकडे मारवा, तिकडे व्हाउचर. नेफाच्या डोंगरात बदली झाली तर तिथंही गेले. म्हणजे ज्यांच्या नावाचं सभागृह, त्यांनासुद्धा गाण्यात पूर्णवेळ स्कोप सापडायला नोकरी सोडण्याचं वय व्हावं लागलं.

गृहस्थांचा चेहरा उजळला. "म्हणजे अकाउंटची नोकरी आणि बाजूनं गाणं! मग बी.कॉम. घेऊ द्या न तिले!"

बघा, थोर माणसांची चरित्रं अशी जपून सांगावी लागतात.

मी घाईनं विषय बदलला. म्हटलं, आज या शहरात गाण्यावर पैसा नाही असं नाही, फक्त तो उलटा वाहतो. कुठल्याही रविवारी कुठल्याही छोट्या सभागृहात डोकावा. कराओके. मंचावर निवृत्त अभियंते, चालू डॉक्टर, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. सगळे किशोर, सगळे रफी, अधूनमधून लता. गाणारा पैसे भरून गातो. ऐकणारे म्हणजे पुढच्या गाण्याचे गाणारे आणि त्यांच्या घरचे. फुकट येतो तो श्रोता, कमावतो तो साउंडवाला आणि ऑक्टोपॅडवाला. आमच्या परीक्षेतून पळालेले पेटीवाले आता कीबोर्ड घेऊन तिथंच असतात, अंगावर चमकीचं जॅकेट. मागे भेटले तर म्हणाले, "विशारद आहे हो मी, पण सांगत नाही. लोक घाबरतात."

विद्यापीठानं एक साधा पेपर ठेवावा, दोनच क्रेडिटचा. माइक तोंडापासून किती लांब धरायचा. मॉनिटर म्हणजे काय आणि तो नसेल तर सूर कसा धरायचा. तबलजीला पाकीट किती द्यायचं, आणि आयोजक "पुढच्या वेळी बघू" म्हणाला तर आधी काय बोलून ठेवायचं. पाहिजे तर त्याला भारतीय ज्ञान प्रणाली म्हणा. पण असा पेपर शिकवायचा तर ज्यानं हे केलं आहे तो माणूस हवा, आणि त्याची नेट झालेली नसते.

तर प्रवेशअर्ज भरला गेला. वडिलांनी तडजोड काढली: संगीत मुख्य विषय, अर्थशास्त्र जोडीला, आणि बी.एड.चं पुढे बघू. मुलीनं वाद घातला नाही. तिनं 'संगीत' वर बोट ठेवलं आणि बाकीच्या विषयांकडे पाहिलंही नाही.

यानंतरची गोष्ट गेल्या सोमवारची. आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त कार्यकारी अभियंता राहतात. कराओकेत त्यांचं नाव आहे, विशेषतः इतर गायकांत. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. क्लास लावायचा म्हणाले, महिन्याचे पैसे आधी देतो, फक्त दिवाळीच्या कार्यक्रमापर्यंत आवाज "सेट" व्हायला पाहिजे. वडील जिन्यातून ऐकत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी भुवया उंचावल्या: स्कोप!

मुलीनं मोबाइल स्टीलच्या वाटीत ठेवला. तानपुरा सुरू केला. म्हणाली, "काका, सा लावा."

काकांनी लावला. तो वर सरकला, तिनं हातानं खाली आणला. खाली घसरला, तिनं वर घेतला. कूलर बंद करायला सांगितला. काकांनी पुन्हा लावला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. गाण्याची फाइल काकांच्या मांडीवर तशीच बंद. शेवटी त्यांनी श्वास टाकला आणि घाम पुसत विचारलं, "पोरी, हे असं साच किती दिवस चालन?"

"साठ तास, काका," ती म्हणाली. "लावा."